विद्यार्थ्यांची 'युनियन' : एका वाढत्या इमारतीचा इतिहास

'युनियन' हा शब्द आमच्या पिढीच्या कानावर प्रथम पडला तो गिरणीच्या दरवाजावर. १९८२ च्या संपाच्या काळात तर तो घरोघरी उच्चारला जात होता. युनियन म्हणजे पगारवाढीची मागणी, बोनसचा तंटा, लाल अक्षरांचा फलक आणि दरमहा फाडावयाची वर्गणीची पावती, एवढा अर्थ आम्हांला शाळेत जाण्याच्या वयातच समजला होता. पुढे वाचनाची गोडी लागली. ग्रंथालयांतून हाती येईल ते वाचीत गेल्यावर या शब्दाचे आणखी एक घराणे असल्याचे ध्यानात आले. ते घराणे विद्यापीठातले. तेथे 'युनियन' या नावाने संघटना तर ओळखली जातेच, पण इमारतही ओळखली जाते. विद्यार्थी जेथे जेवतात, वाद घालतात, नाटके करतात, सभा भरवितात आणि काही न करता नुसते बसतात, त्या घरालाच तिकडे युनियन म्हणतात. विद्यापीठ वाढले की ते घर अपुरे पडते, आणि मग ते वाढवावयाचे कोणी, कोणाच्या पैशाने आणि कोणाला विचारून, असे प्रश्न उभे राहतात. हे प्रश्न आमच्या धंद्यातले आहेत. म्हणूनच पदवीच्या वाटेला न गेलेल्या माणसाने विद्यापीठाच्या इमारतीविषयी बोलण्याचे धाडस केले आहे.

शब्दाचे मूळ

या घराण्याचा मूळ पुरुष इंग्लंडात सापडतो. १८१५ साली केंब्रिजमधील तीन वादविवाद मंडळे एकत्र आली आणि त्या एकीकरणालाच 'युनियन' असे नाव पडले. १८२३ साली ऑक्सफर्डनेही तोच कित्ता गिरविला. आरंभी या मंडळांना स्वतःचे छप्पर नव्हते. १८५० नंतरच्या दशकात ऑक्सफर्डच्या मंडळाने स्वतःची वास्तू बांधली, १८६६ साली केंब्रिजची वास्तू झाली, आणि १८७९ साली ऑक्सफर्डने वादविवादासाठी नवे मोठे दालन उभारले. मंडळ वाढले की वास्तू वाढवावी लागते, हा अनुभव इतका जुना आहे.

परंतु 'एकी' हे नाव धारण करणाऱ्या या मंडळांत सर्वांना प्रवेश होता असे मात्र नव्हे. ऑक्सफर्ड युनियनमध्ये स्त्रियांना पूर्ण सभासदत्व मिळण्यास १९६३ साल उजाडावे लागले. नावात एकी असली तरी दारात एकी असेलच असे नाही, ही गोष्ट या इतिहासात पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

अमेरिकेत ही कल्पना गेली ती थोडे रूप पालटून. १८९६ साली फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हानिया विद्यापीठात ह्यूस्टन हॉल उभा राहिला. अकाली वारलेल्या एका तरुणाच्या स्मरणार्थ त्याच्या कुटुंबाने दिलेल्या देणगीतून ही वास्तू झाली, आणि अमेरिकेतील विद्यार्थ्यांची पहिली युनियन-इमारत म्हणून ती ओळखली जाते. वादविवादापेक्षा विसावा, वाचन, खेळ आणि भोजन यांना तेथे अधिक जागा होती. चाळीस वर्षांनी, १९३६ साली, तीही अपुरी पडून वाढवावी लागली. १९१४ पर्यंत अशी घरे इतकी झाली की त्यांच्या चालकांनी ओहायोमध्ये एकत्र येऊन आपली राष्ट्रीय संघटना स्थापन केली. म्हणजे युनियनांचीही युनियन झाली!

मॅडिसनचे घर

या सर्वांत आम्ही ज्या घराचा इतिहास सांगणार आहोत ते विस्कॉन्सिन राज्याच्या राजधानीत, मॅडिसन येथे, मेंडोटा सरोवराच्या काठी आहे. ते निवडण्याचे कारण असे की, विद्यापीठ आणि कामगार चळवळ यांचा संबंध जितका निकटचा तेथे आला, तितका फार थोड्या ठिकाणी आला असेल. मॅडिसनची रचनाच मोठी बोलकी आहे. एका सरळ रस्त्याच्या एका टोकाला विद्यापीठ आणि दुसऱ्या टोकाला राज्याचे विधिमंडळ. मधले अंतर सुमारे एक मैल. सारा इतिहास या एका मैलावर घडला आहे.

१९०३ साली चार्ल्स व्हॅन हाइज हे भूगर्भशास्त्रज्ञ या विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. विद्यापीठाच्या ज्ञानाचा लाभ राज्यातील प्रत्येक घराला पोहोचला पाहिजे, हा त्यांचा आग्रह पुढे 'विस्कॉन्सिन कल्पना' या नावाने प्रसिद्ध झाला. १९०४ साली आपल्या अधिकारग्रहणाच्या भाषणात त्यांनी ऑक्सफर्ड-केंब्रिजचा दाखला देऊन सांगितले की, विद्यार्थ्यांना केवळ वर्ग आणि प्रयोगशाळा पुरेशा नाहीत, एकत्र राहण्या-जेवण्याची आणि एकमेकांस भेटण्याची जागा हवी. शिक्षणाचा मोठा भाग विद्यार्थी एकमेकांकडूनच घेतात, ही त्यामागची जाण होती. पण जाण असणे वेगळे आणि पैसा असणे वेगळे. व्हॅन हाइज १९१८ साली वारले तेव्हा इमारतीची एक वीटही रचली गेली नव्हती.

ती रचली गेली पहिल्या महायुद्धानंतर. युद्धात गेलेल्यांचे स्मारक म्हणून पुतळा उभारण्याऐवजी जिवंत माणसांच्या उपयोगी पडणारे घर बांधावे असे ठरले, आणि म्हणून त्याचे नाव 'मेमोरियल युनियन' पडले. राज्याच्या तिजोरीवर विसंबून न राहता प्रामुख्याने देणग्यांतून हे काम करावयाचे होते. त्या दशकात जवळजवळ निम्म्या विद्यार्थ्यांनी प्रत्येकी ५० डॉलर देण्याचे वचन देऊन आजीव सभासदत्व घेतले. निम्मे विद्यार्थी! वर्गणी गोळा करण्यात ज्यांचे आयुष्य गेले आहे त्यांनाच या आकड्याचे वजन कळेल. आठ आणे मागितले तर आठ सबबी ऐकाव्या लागतात, हा आमच्या क्षेत्रातील जुना अनुभव आहे. येथे तर अशा मुलांनी वचन दिले की ज्यांपैकी पुष्कळांचे शिक्षण इमारत उभी राहण्यापूर्वीच संपणार होते.

युद्धसमाप्तीच्या स्मरणदिनी, ११ नोव्हेंबर १९२५ रोजी, पायाची पहिली कुदळ पडली, आणि ५ ऑक्टोबर १९२८ रोजी घर उघडले. शिल्पकार आर्थर पीबॉडी यांनी त्याला इटालियन वळणाचे रूप दिले. पहिले संचालक पोर्टर बट्स हे याच विद्यापीठाचे १९२४ चे पदवीधर. निधी गोळा करण्यापासून ते या कामात होते, आणि पुढे १९६८ पर्यंत, म्हणजे तब्बल चाळीस वर्षे, त्यांनी हे घर चालविले. घराचा कारभार पाहणाऱ्या मंडळात बहुमत विद्यार्थ्यांचे राहील, ही प्रथाही तेथे रुजली. वडीलधारी माणसे सल्ला देतील, पण मते मोजताना विद्यार्थी अधिक. आमच्या मते त्या इमारतीचा खरा पाया दगडात नसून या नियमात आहे.

तथापि तेथेही दार सर्वांना सारखे उघडे नव्हते. स्त्रियांना आरंभापासून सभासदत्व होते, पण 'रात्स्केलर' या जर्मन पद्धतीच्या उपाहारगृहात सुरुवातीची काही वर्षे नियमित सत्रांत फक्त पुरुषांनाच प्रवेश असे. ५० डॉलरच्या वचनात पुरुष-स्त्री असा भेद नव्हता. खुर्चीवर बसण्याची वेळ आली तेव्हा तो उपटला!

त्याच आवारातील दुसरी चळवळ

इमारतीची कुदळ पडली त्याच १९२५ च्या उन्हाळ्यात या विद्यापीठात कामगार स्त्रियांच्या एका लहानशा गटासाठी उन्हाळी वर्ग भरला. त्यातूनच पुढे 'कामगारांची शाळा' ही संस्था वाढली. प्राध्यापक जॉन कॉमन्स हे त्याच विद्यापीठात कामगार चळवळीचा इतिहास लिहीत होते आणि शिकवीत होते. १९११ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा आणि १९३२ चा अमेरिकेतील पहिला बेकारी विम्याचा कायदा, हे दोन्ही याच राज्याने केले आणि दोन्हींच्या घडणीत कॉमन्स व त्यांचे शिष्य यांचा हात होता. विद्यापीठाच्या टोकाकडून निघालेला विचार विधिमंडळाच्या टोकाला कायदा होऊन पोहोचला, तो असा.

आपल्या दृष्टीने आणखी एक संबंध सांगण्याजोगा आहे. या इमारतीसाठी वर्गण्या जमत होत्या त्या दशकात मॅडिसनला शिकत असलेल्यांमध्ये बिहारमधून गेलेला जयप्रकाश नारायण हा तरुण होता. अमेरिकेत शिकताना त्यांनी मजुरी करून पोट भरले, आणि मार्क्सच्या विचारांशी त्यांची ओळख झाली ती मॅडिसनमध्येच. हेच जयप्रकाश पुढे अखिल भारतीय रेल्वे कामगारांच्या महासंघाचे अध्यक्ष झाले. वर्गाबाहेर मित्रांशी होणाऱ्या चर्चेतून माणूस किती घडतो, याचे याहून जवळचे उदाहरण आम्ही कोठून आणावे?

मंदीत झालेली वाढ

मूळ आराखड्यात इमारतीला नाट्यगृहाचा एक पंख होता, पण पैशाअभावी तो सोडून द्यावा लागला. घर उघडून वर्ष होते न होते तोच १९२९ ची मंदी कोसळली. अशा वेळी वाढीची गोष्ट काढणे म्हणजे वेडेपणाच, असे कोणासही वाटावे. परंतु बट्स आणि त्यांच्या विद्यार्थी-सहकाऱ्यांनी आराखडा गुंडाळून ठेवला नाही. रूझवेल्ट सरकारने बेकारांना काम मिळावे म्हणून सार्वजनिक बांधकामांची योजना हाती घेतली, आणि केंद्राच्या त्या पैशाचे साहाय्य घेऊन नाट्यगृहाचा पंख उभा राहिला. मायकेल हेअर या शिल्पकाराने तो जुन्या इटालियन थाटात न बांधता नव्या साध्या पद्धतीने बांधला. सुमारे १३०० आसनांचे मुख्य नाट्यगृह, एक छोटे प्रायोगिक नाट्यगृह, हस्तव्यवसायाची कार्यशाळा, खेळांची आणि भटकंती करणाऱ्या मंडळाची जागा, एवढे सगळे त्यात आले. १९३९ च्या ऑक्टोबरात आल्फ्रेड लंट आणि लिन फाँटन या विख्यात नटदंपतीने शेक्सपिअरच्या 'टेमिंग ऑफ द श्रू' या नाटकाने त्याचे उद्घाटन केले.

मंदीच्या दिवसांत सुताराला, गवंड्याला, नळजोडणी करणाऱ्याला काम मिळावे म्हणून खर्ची पडलेल्या पैशातून विद्यार्थ्यांना नाट्यगृह मिळाले. सरकारने पैसा खर्च केला म्हणजे तो पाण्यात जातो असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य ध्यानात ठेवावे.

महापूर

यानंतर आले दुसरे महायुद्ध आणि त्यामागोमाग विद्यार्थ्यांचा पूर. परतलेल्या सैनिकांना शिक्षणासाठी साहाय्य देणारा कायदा १९४४ साली झाला होता. १९४५ साली मॅडिसनमध्ये सुमारे ९,००० विद्यार्थी होते. १९४६ च्या शरदात ते १८,००० च्या वर गेले. एका वर्षात दुप्पट! पत्र्याच्या अर्धगोल लष्करी झोपड्यांत वर्ग भरू लागले, आणि बायकामुलांसह आलेले विद्यार्थी ओढगाड्यांच्या वसाहतीत राहू लागले. ज्याच्या बिऱ्हाडात पाय पसरावयास जागा नाही, त्याला बाहेरची बैठकीची खोली अधिकच लागते. मुंबईच्या चाळीत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसे असली म्हणजे गॅलरी आणि नाका हेच दिवाणखाने होतात. मेमोरियल युनियन हा त्या हजारो मुलांचा नाका होता.

पुढील दोन दशकांत विद्यापीठ सरोवराचा काठ सोडून दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे पसरले. अभियांत्रिकीच्या आणि शास्त्रांच्या इमारती तिकडे गेल्या. १९७० च्या सुमारास विद्यार्थी ३०,००० वर गेले होते. तेव्हा जुने घर आणखी ताणण्यापेक्षा दुसरे घर बांधावे असे ठरून १९७१ साली 'युनियन साउथ' उघडली.

ही दुसरी वास्तू मात्र लोकांच्या मनात बसली नाही. काँक्रीटची ती इमारत पुष्कळांना परकी वाटली. सरोवराकाठच्या घरावर लोकांचे जसे प्रेम जडले तसे तिच्यावर जडले नाही, आणि चाळीस वर्षे होण्यापूर्वीच, २००९ साली, ती पाडण्यात आली. यातून घेण्यासारखा बोध असा की, वाढ ही केवळ चौरस फुटांची बाब नव्हे. जागा वाढली तरी माणसे तेथे रमली नाहीत, तर ती नुसती कोठारे वाढविल्यासारखी होते.

घरात काम करणारे हात

येथपर्यंत घर बांधणाऱ्यांची आणि वापरणाऱ्यांची गोष्ट झाली. घर चालविणाऱ्यांचे काय? ताटे कोण धूत होते, खुर्च्या कोण लावीत होते, गल्ल्यावर कोण बसत होते? बहुतेक ठिकाणी या प्रश्नाचे उत्तर स्मरणिकेत सापडत नाही. मॅडिसनमध्ये ते सापडते. युनियनच्या स्वयंपाकघरात आणि उपाहारगृहांत मोठ्या संख्येने विद्यार्थीच नोकरी करीत. १९६६ साली तेथील साहाय्यक-अध्यापकांनी, म्हणजे शिकता शिकता शिकविणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी, आपली संघटना काढली आणि १९७० साली संप करून करार मिळविला. पाठोपाठ, १९७० नंतरच्या पहिल्या वर्षांत, मेमोरियल युनियनमधील विद्यार्थी-नोकरांनीही आपली कामगार संघटना उभारली, आणि संपाची पाळीही आली. 'युनियन'मध्ये युनियन झाली! शब्दाची दोन घराणी एका छपराखाली समोरासमोर आली. ज्या विद्यार्थ्यांचे कारभारी मंडळात बहुमत, त्यांचेच भाऊबंद पलीकडे मागण्यांचा कागद घेऊन उभे. आपलीच संस्था, आपलेच लोक, मग संघटना कशाला, हा युक्तिवाद आम्ही सहकारी संस्थांपासून धर्मादाय इस्पितळांपर्यंत ऐकला आहे. एका संस्थेने तर, तिचे नाव येथे नको, सफाईच्या बायकांना 'तुम्ही घरच्याच' असे म्हणत सात वर्षे हजेरीपटावर घेतले नाही. घरचे म्हणणे सोपे असते. घरच्या माणसाचा पगार वेळेवर देणे, हे त्याहून अवघड.

कौल आणि कायदा

नव्या शतकात दोन्ही घरांची दुरुस्ती आणि नवी युनियन साउथ यांचा प्रश्न निघाला, तेव्हा तो विद्यार्थ्यांच्या मतास टाकण्यात आला. २००६ साली विद्यार्थ्यांनी कौल दिला की, आमच्या शुल्कात वाढ करा, पण काम करा. उरलेला पैसा देणग्या आणि युनियनचे स्वतःचे उत्पन्न यांतून यावयाचा होता. मत देणारांपैकी बहुतेक जण इमारत उघडेपर्यंत पदवी घेऊन निघून जाणार, हे उघड होते. १९२० नंतरच्या ५० डॉलरवाल्यांचे हे नातवंडच म्हणावयाचे.

पण येथे टाळी वाजवून पुढे जाणे आम्हांला प्रशस्त वाटत नाही. वचन आणि शुल्क यांत फरक आहे. वचन ज्याला परवडते तो देतो. शुल्क मात्र बहुमताने ठरले की सर्वांवर बसते, ज्याने विरुद्ध मत दिले त्याच्यावर, आणि ज्याने अद्याप विद्यापीठाचे तोंडही पाहिलेले नाही त्याच्यावरही. बांधकामाचे कर्ज फेडावयाचे असते ते पुढे येणाऱ्या मुलांनी. गरिबाच्या मुलाला ती रक्कम जड जाते. मग असा निर्णय घेऊच नये काय? घ्यावा. मात्र मत खरोखर घेतलेले असावे, हिशेब उघडा असावा, आणि जो शुल्क देतो त्याला कारभारात मत असावे. या तीन अटी पाळल्या तर त्या शुल्काला वर्गणी म्हणता येईल. न पाळल्या तर तो जिझिया कर होय.

नवी युनियन साउथ १५ एप्रिल २०११ रोजी उघडली. तिला सुमारे साडेनऊ कोटी डॉलर खर्च आला. तिच्यात चित्रपटगृह, भिंतीवर चढण्याचा खेळ, पाहुण्यांसाठी खोल्या आणि मोठमोठी सभागृहे आहेत. परंतु त्या वसंतात मॅडिसनमध्ये 'युनियन' हा शब्द वेगळ्याच कारणाने गाजत होता. फेब्रुवारीत राज्यपालांनी सार्वजनिक नोकरांचा सामुदायिक वाटाघाटींचा हक्क बहुतांशी काढून घेणारे विधेयक आणले होते. हेच ते राज्य की ज्याने १९५९ साली नगरपालिकांच्या नोकरांना हा हक्क देणारा देशातील पहिला कायदा केला, आणि हेच ते गाव की जेथे १९३२ साली सरकारी नोकरांच्या एका मोठ्या राष्ट्रीय संघटनेचा जन्म झाला. १४ फेब्रुवारी रोजी साहाय्यक-अध्यापकांच्या संघटनेच्या पुढाकाराने विद्यार्थी त्या एक मैलाच्या रस्त्याने विधिमंडळाकडे निघाले. पुढे हजारो लोक त्यांना मिळाले आणि कित्येक दिवस-रात्री त्यांनी विधिमंडळाच्या घुमटाखाली मुक्काम ठोकला. ११ मार्च रोजी विधेयकावर राज्यपालांची सही झाली, आणि पाच आठवड्यांनी नव्या युनियनचे दार उघडले.

एका युनियनला साडेनऊ कोटींची वास्तू मिळाली, आणि त्याच वसंतात दुसऱ्या युनियनचा हक्क गेला. हा योगायोग होता, कोणाचे कारस्थान नव्हे. पण त्यातून एक गोष्ट स्वच्छ दिसते. इमारत दिसते, तिचे उद्घाटन करता येते, तिच्यावर नाव कोरता येते. म्हणून तिच्यासाठी पैसा मिळतो. हक्क दिसत नाही. तो गेल्यानंतरच दिसतो.

आपल्यासाठी

मॅडिसनच्या विद्यापीठात आता ५०,००० च्या आसपास विद्यार्थी आहेत. आपल्याकडेही महाविद्यालये वाढत आहेत, वर्ग तुडुंब आहेत, आणि मुले जिन्याच्या पायऱ्यांवर डबा खात आहेत. एखादा दाता पुढे येतो, कोनशिला बसते, सभागृहाला नाव दिले जाते, आणि मग विद्यार्थ्यांना त्या सभागृहात शिरण्यासाठी कार्यालयाची परवानगी काढावी लागते. मॅडिसनच्या शंभर वर्षांतून आम्ही एवढेच शिकलो की, कोणत्याही सार्वजनिक घराची वाढ मोजताना फूटपट्टीच्या आधी तीन प्रश्न विचारावेत. पैसा कोणाचा? मत कोणाचे? आणि झाडू कोणाच्या हातात, व त्या हाताला काय मिळते? तिन्ही उत्तरे उजेडात सांगता येण्याजोगी असतील, तर एक खोलीही पुष्कळ आहे. नसतील, तर दहा मजलेही अपुरेच पडतील.